पर्सी मुलगा आहे, आत्या!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलांच्या वाचनावर लेख होता. त्यात एका ठिकाणी म्हटलंय की हल्लीची मुलं ज्या इंग्रजी फँटसी मालिका वाचतात त्यात पात्रं अशी नसतातच, एक 'मी' असतो, तो चारशे पानं बडबडतो आणि उरलेले सगळे एकतर त्याचे दोस्त नाहीतर राक्षस. आणि पुढे असंही की 'मी'मध्ये लिहिणं हा सोपा मार्ग, पोराटोरांना आवडतो. बाकी लेख बरा होता पण या दोन ओळींनी माझा सकाळचा चहा गार झाला. आठवडाभर म्हटलं जाऊ दे, पत्रंबित्रं कोण वाचतं, पण काल रात्री घरात परत तोच विषय निघाला म्हणून बसलेच लिहायला. लांबलंय, तुम्ही कात्री लावणार हे धरूनच चाललेय.

मी लेखिका वगैरे नाही, समीक्षक तर नाहीच नाही. कर्वेनगरला राहते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते, मार्च एंडला माणसात नसते. भाऊ-वहिनी खालच्या मजल्यावर, दोघांच्याही शिफ्टा, त्यामुळे भाचा आठवड्यातनं तीन-चार रात्री माझ्याकडे झोपायला असतो. दहा वर्षांचा आहे, मराठी मीडियम, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. मागच्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात त्याच्या वह्या-पुस्तकं घ्यायला गेलो होतो, छत्री एकच, गर्दी ही एवढी, आणि तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगातनं त्याने पर्सी जॅक्सन नावाच्या इंग्रजी फँटसी मालिकेचा पहिला भाग ओढून काढला. म्हटलं अरे तुला एवढं इंग्रजी कुठे येतंय, तर म्हणाला तू वाच आणि मला सांग. झालं. तेव्हापासून मी डोळ्यांनी इंग्रजी वाचते आणि तोंडाने मराठी सांगते, जमेल तसं, अमेरिकेतली ठिकाणं आणि खाण्याचे पदार्थ गाळत, पण 'मी' मात्र नाही गाळला. पर्सी 'मी' म्हणतो तर मीही 'मी'च म्हणायचं असं ठरवलं.

आणि पहिल्याच रात्री आपटले. म्युझियममध्ये सहल गेलेली असते आणि गणिताच्या बाई पर्सीला एकट्याला बाजूला बोलवतात, तर मी आपली तंद्रीत सांगतेय, 'मी बाईंच्या मागे गेले.' भाचा उठूनच बसला. म्हणाला, "आत्या, गेलो. पर्सी मुलगा आहे!"

लेखकमहाशयांना माझं म्हणणं असं की 'मी' सोपा वाटतो तो इंग्रजीत. तिथला 'आय' बिनचेहऱ्याचा, मुलगा आहे का मुलगी ते पाच पानं कळू न देता बिनधास्त चालतो. आपल्याकडे 'मी' म्हणून पुढे सरकलात की क्रियापद लगेच चुगली करतं, गेलो का गेले. (कोल्हापूरच्या माझ्या मैत्रिणीला सोडून, ती गेली वीस वर्षं 'मी आलो'च म्हणते आणि कुणाच्या बापाला घाबरत नाही.) म्हणजे मराठीत 'मी' सांगायचा तर पहिल्या वाक्यापासून अंगात यावं लागतं, नुसता आवाज काढून भागत नाही. मला सवय व्हायला आठवडा गेला. आता मी तोंड उघडलं की आपोआप 'मी तलवार उपसली, मी पळालो' असं येतं आणि खालून वहिनी ओरडते, काय चाललंय तुमचं. त्यात वेगळं काय आहे म्हणा, नाथमहाराजांनी चारशे वर्षांपूर्वी भारुडात सासुरवाशीण उभी केली, ती भवानीआईला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासरच्या एकेकाची वाट लाव म्हणते, तेही पुरुषानेच लिहिलंय ना.

तर ही मालिका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रिक रायर्डन नावाचे लेखक, अमेरिकेत आधी शाळेत शिकवायचे, २००५ ते २००९ मध्ये पाच भाग आले. ग्रीक देव अजून आहेत आणि त्यांना माणसांपासून मुलं होतात, त्यातला हा एक, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, सुरुवातीला बारा वर्षांचा. गोष्ट मुळात त्यांनी स्वतःच्या मुलाला झोपताना सांगितलेली, त्या मुलाला वाचनाची अडचण होती, डिस्लेक्सिया, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणं. म्हणून पर्सीलाही दोन्ही. शाळांतनं काढून टाकलेला, सहा वर्षांत सहा शाळा. तोंडी सांगितलेली गोष्ट आहे हे मला कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं कारण ती तोंडाने सांगताना अडत नाही, तुम्ही एखादी जाडजूड मान्यवर कादंबरी अशी सांगून बघा रात्री साडेदहाला, मग बोलू.

आता मुद्द्याची गोष्ट. 'मी' सांगतो म्हणजे तो सगळं सांगतो असं लेखात धरलंय. उलट आहे हो. 'मी'ला फार थोडं कळतं आणि त्याला न कळलेल्यातनंच बाकीची पात्रं उभी राहतात.

लूकचं घ्या. (ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा, नंतर मला शिव्या नकोत.) पर्सी देवांच्या अशा मुलांसाठी असलेल्या शिबिरात पोचतो तेव्हा आई गेली असं समजून आलेला असतो, कुणी ओळखीचं नाही, आणि हा लूक, एकोणीस वर्षांचा, चेहऱ्यावर व्रण, याला सांभाळून घेतो. झोपायला जागा देतो, स्टोअरमधनं साबणबिबण ढापून आणून देतो, तलवार शिकवतो. निघताना उडणारे बूट भेट देतो. पर्सीला तो थोर वाटतो म्हणून आपल्यालाही वाटतो, कारण आपण पर्सीच्या डोळ्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. भाचा तर लूकवर फिदा, शाळेत डबा खाताना पोरांना लूकचे किस्से सांगायचा. मी पुढचं वाचलेलं, मला माहीत, आणि रोज रात्री तोंड सरळ ठेवून 'लूक म्हणाला, काळजी करू नकोस' असं सांगायचं म्हणजे काय शिक्षा असते ते मला विचारा. शेवटी लूक दगा देतो, विंचू सोडतो पर्सीवर. भाचा रडला नाही, चिडला. लूकवर नाही, पर्सीवर. "त्याला कळलं कसं नाही आत्या, बूट दिले तेव्हाच कळायला पाहिजे होतं!" मग मागे जाऊन ते बुटांचं पान परत वाचायला लावलं मला. तिसऱ्या पुरुषात लिहिलं असतं आणि मध्येच लूकच्या मनात एकदा डोकावून आलो असतो तर लूक नुसता व्हिलन झाला असता. इथे तो आधी दादा झाला, मग व्हिलन झाला, आणि दादा होता हे काही केल्या पुसलं जात नाही.

टायसनचं तर याच्याही पुढे. दुसऱ्या भागात पर्सीच्या वर्गात एक धिप्पाड, बावळट वाटणारा, घरदार नसलेला पोरगा असतो, पर्सी त्याला सांभाळून घेत असतो, चांगुलपणाने. मग कळतं की तो एकडोळ्या राक्षसाच्या जातीचा आहे आणि पोसायडनचाच मुलगा, म्हणजे सख्ख्या बापाकडनं भाऊ. शिबिरातली पोरं दोघांना हसायला लागतात आणि आपला हिरो लाजतो. सरळ लाजतो, त्याच्यापासनं लांब राहतो, वर हे सगळं स्वतःच आपल्याला सांगतो. त्या रात्री भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पर्सी वाईट वागला ना?" म्हटलं हो. तर म्हणतो, "पण त्यानेच सांगितलं की."

मी लाइट बंद केला आणि पडले पण झोप नाही लागली. दहा वर्षांच्या पोराने जे पकडलं ते पुरवणीतल्या लेखात नव्हतं. बाहेरचा निवेदक सांगतो की अमुक लाजला, तर ते अमुकवर आलेलं बालंट. स्वतः सांगितलं तर ते कबुलीजबाब, आणि कबुली देणाऱ्यावर पूर्ण रागावता येत नाही, तो आणखी जवळचा होतो. शिवाय टायसन स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त आनंदाने भावाच्या मागे मागे फिरतो, आणि सांगणारा जितका ओशाळतो तितका टायसन मोठा होत जातो. एवढं एक पात्र उभं करायला किती पानं लागली असती हो एरवी.

आता 'मी'ची अडचणही आहेच, नाही कशाला म्हणू. जिथे पर्सी नाही तिथलं सांगायचं कसं? रायर्डन यावर स्वप्नं काढतात. पर्सी झोपला की त्याला खलनायकाच्या गुहेतलं दिसतं, मित्र कुठे अडकलाय ते दिसतं. पहिल्या भागात मजा येते, चौथ्यापर्यंत भाचाच म्हणायला लागला 'आता हा झोपणार'. आणि प्रत्येक मारामारीत विनोद, हेही मला जरा जास्तच होतं, समोर राक्षस जबडा वासून उभा आणि याची टपोरीगिरी चालूच. काही मी गाळते. भाच्याला कळतं मी गाळलेलं, पानं उलटण्यावरनं.

दुसरा आक्षेप घरी आला, भावाकडनं. तो म्हणे, 'मी' सांगतोय म्हणजे तो मेला नाही हे पहिल्या पानावरच कळलं, मग थरार कसला? बरोबर आहे, पण थरार फक्त हिरो मरतो का यातच असतो असं कुणी सांगितलं. लहान मुलाला पर्सी मरेल याची भीती नसतेच, आई परत येईल का याची असते, लूकचं काय होईल याची असते. आणि 'मी' मरणार असेल तर काय करायचं याचं उत्तर तर मराठीने कधीच देऊन ठेवलंय. मृत्युंजय, १९६७, शिवाजी सावंतांनी कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलतं केलं, कुंतीला, दुर्योधनाला, वृषालीला, शोणाला, प्रत्येकाला 'मी' दिला, आणि कर्ण पडणार म्हटल्यावर शेवटचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी ठेवला. खांडेकरांच्या ययातीतही राजा एक सांगतो, देवयानी एक सांगते, शर्मिष्ठा तिसरंच, आणि तिघंही आपापल्या जागी खरे वाटतात. त्या कादंबरीला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की 'मी'मध्ये लिहिलंय म्हणजे सोप्पं. देव, शाप, कवचकुंडलं, संजीवनी विद्या, एकाचं म्हातारपण दुसऱ्याला, अहो फँटसीचं आणखी काय सामान पाहिजे. मोठ्यांनी वाचलं की पौराणिक कादंबरी आणि मुलांनी वाचलं की टाइमपास, असं कसं चालेल?

अ‍ॅनाबेथबद्दल लिहिल्याशिवाय मात्र मला राहवणार नाही कारण ती माझी आवडती. बुद्धीची देवता अथेनाची मुलगी, हुशार, हट्टी, पर्सीला सारखी दुरुस्त करणारी. दुसऱ्याच भागात जहाजावर सायरन्सचा प्रसंग आहे, ज्यांचं गाणं ऐकलं की माणूस समुद्रात उडी मारतो त्या. अ‍ॅनाबेथला ते गाणं ऐकायचंच असतं, स्वतःबद्दल काहीतरी कळेल म्हणून, ती स्वतःला डोलकाठीला बांधून घेते आणि पर्सी कानात मेण घालून जहाज हाकतो. बघा काय केलंय इथे. जगातलं सगळ्यात भुलवणारं गाणं चाललंय आणि आपला सांगणारा ठार बहिरा! आपल्याला फक्त तिचा चेहरा दिसतो. ती सुरीने दोर कापते, ती सुरी काढून घ्यायला पर्सी विसरलेला असतो, पाण्यात उडी मारते, हा मागोमाग, आणि तिला पकडल्याक्षणी त्याला तिचं स्वप्न दिसतं. गवतावर सतरंजी, तिचे आई आणि वडील एकत्र बसलेत, शेजारी लूक, आणि मागे तिने स्वतः नव्याने बांधलेलं शहर. बस. हे सांगताना मी थांबले, कारण माझे आईवडीलही फार वर्षं एका सतरंजीवर बसले नाहीत, पण ते असो.

पुढे २०१० पासून याच जगाची दुसरी मालिका आली, ती तिसऱ्या पुरुषात, सात जणांमध्ये वाटलेली. खरं सांगायचं तर त्यात अ‍ॅनाबेथला न्याय मिळाला, तिला जाळं विणणाऱ्या कोळ्यांची भीती आणि तिला एकटीला जमिनीखाली तशाच एका राक्षसी कोळिणीसमोर उभं केलंय, ते तिच्या आतनं वाचायला मिळतं, पर्सीच्या नजरेतनं ते कधी मिळालंच नसतं. पण पर्सी गेला हो त्यात. म्हणजे आहे, लढतो, विनोद करतो, पण सातातला एक झाला. भाच्याने चार रात्री ऐकलं आणि विचारलं, "हे कोण सांगतंय?" म्हटलं, लेखक. म्हणे, "मग त्याला कसं माहीत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. सिनेमाही बघितला, २०१० चा, त्यात पर्सी चांगला मोठा घोडा करून ठेवलाय आणि तो आवाजच नाही, पंधरा मिनिटांत पोरगं कॅरम खेळायला पळालं.

आता तुमच्याकडे एक मागणं. आपल्याकडे मुलांची सणसणीत पात्रं झालीत, फुरसुंगीचा फास्टर फेणे नुसत्या 'ट्टॉक'वर ओळखू येतो, भा. रा. भागवतांनी तो एकदा दिला तो दिलाच. पण पुण्यातल्या एखाद्या मुलीने स्वतःच्या तोंडाने, 'मी गेले, मी घाबरले, मी खोटं बोलले' असं म्हणत सांगितलेली, पाच-सहा भागांची, देव-राक्षसांची लांबलचक साहसकथा माझ्या तरी हाताला लागली नाही. सामान काय कमी आहे? शहराच्या मधोमध वेताळाच्या नावाची टेकडी आहे, वर त्याचं देऊळ आहे, सकाळी लोक तिथं स्पोर्ट्स शूज घालून वॉकला जातात आणि वेताळाला नमस्कार करून खाली येतात. जंगली महाराज रोडवर ट्रॅफिकच्या कडेला पाताळेश्वर, आख्खं देऊळ खडकात कोरलेलं, नावातच पाताळ. शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणरावाला मारलं ती हाक अजून लोक ऐकतात म्हणे. आणि आपला मूळ वेताळ तर स्वतःच गोष्टी सांगणारा, विक्रमाच्या खांद्यावर बसून! तुमच्या दिवाळीतल्या मुलांच्या पानावर कथास्पर्धा असते, तिचे विषय दरवर्षी 'माझी सहल' आणि 'पाऊस' असे असतात. एकदा असं ठेवा की गोष्ट 'मी'ने सांगायची आणि त्या 'मी'ने गोष्टीत कुणाला तरी चुकीचं ओळखलेलं असलं पाहिजे. बघा काय काय येतं.

भाच्याने सुरू केलीय एक. मी वेताळ टेकडीवर गेलो अशी. पहिल्या पानावर अकरा राक्षस मेले आणि सगळे मित्र शूर. म्हटलं यात तुझं काय चुकतं? म्हणाला, माझं कशाला चुकेल. दोन दिवसांनी वही परत आणली, त्यात टेकडीवरच्या गेटवर एक म्हातारा वॉचमन आलाय, 'मी' त्याला चोर समजून त्याची काठी पळवतो. पुढे लिहिलेलं नाही. तो वॉचमन कोण आहे ते मला कळलंय असं मी दाखवत नाही.

आणि काल रात्रीचं सांगायचं राहिलं, ज्यावरनं हे पत्र सुरू झालं. आम्ही त्याच लेखकाची इजिप्तवाली मालिका काढलीय, कार्टर आणि सेडी, भाऊ-बहीण, आलटून पालटून सांगतात, टेपवर रेकॉर्ड केल्यासारखं, एकमेकांच्या बोलण्यात नाक खुपसत. भाऊ बापाबरोबर जगभर हिंडलेला, नेहमी इस्त्रीचे कपडे, बहीण लंडनला आजी-आजोबांकडे वाढलेली आणि तोंडाने फटकळ. दोघांनाही वाटतं दुसऱ्याचं बरं चाललंय. मी कार्टरचं प्रकरण 'गेलो, पाहिलं' करत संपवलं आणि सेडीचं सुरू केलं, 'मी म्हणाले', तर साहेबांनी हात वर केला. म्हणे, तुझा आता मुलीचा आवाज आहे तर मुलाचा मी काढतो. पुस्तक ओढून घेतलं. कार्टरची पहिली ओळ इंग्रजीत, बोट ठेवून, वाचायला त्याला साडेतीन मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं. मग मान वर करून मराठीत सांगितली. एक शब्द चुकला होता. मी काही बोलले नाही, माझी पाळी यायची होती.

आपली,
एक आत्या, कर्वेनगर, पुणे